गोधडीची पाठ

रणपिसे चष्मा पुसून परत गोधडीकडे बघायला लागले, तेव्हाच दमयंतीनं ओळखलं, हा माणूस आता नाट लावणार.

अविनाश रणपिसे म्हणजे पनवेलच्या त्यांच्या छोट्या चर्चच्या पंचमंडळाचे चिटणीस. दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात हेडक्लार्क, आणि रविवारी चर्चमध्येही हेडक्लार्कच! येत्या रविवारी चर्चच्या मंडळीला पन्नास वर्षं पुरी होणार होती. दमयंतीच्या गोधड्यांचं तोवर बरंच नाव झालं होतं. पवित्र शास्त्रातलं एखादं वचन घ्यायचं आणि जुन्या कापडांतून ते गोधडीवर उभं करायचं, हा तिचा नाद. योनाचा मासा तिनं सासूच्या निळ्या लुगड्याचा केला होता, मोहरीच्या दाण्याचं झाड सतरा हिरव्या तुकड्यांचं. म्हणून पंचांनी तिलाच सांगितलं, वेदीमागच्या भिंतीला एक मोठी गोधडी करा. उत्तम मेंढपाळाची करा. हिरवं कुरण, पांढरी मेंढरं. पत्रिकाही छापून टाकल्या, गोधडीचं अनावरण चिटणिसांच्या हस्ते.

आणि खाटेवर पसरलेल्या गोधडीत मेंढरू औषधालाही नव्हतं. मधोमध प्रभू चाललेला. त्याचा झगा दमयंतीच्या नवऱ्याच्या, शमुवेलच्या जुन्या डांगरीचा. तळोज्याच्या कारखान्यात तिला पडलेली भोकंसुद्धा तिनं तशीच ठेवली होती. आजूबाजूला रंगीबेरंगी गर्दी. आणि खाली, गर्दीच्या पायांत, गुडघ्यांवर रांगणारी एक बाई, पिवळ्या साडीची, हात लांबवून झग्याचा काठ धरणारी.

"ही कोण?" रणपिसेंनी विचारलं.

"बारा वर्षं अंगावरून जात होतं ती. मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली. शुभवर्तमानात आहे, साहेब. माझ्या मनाची नाही घातली."

"मला शास्त्र शिकवू नका, दमयंतीबाई. पण हे काय वेदीमागं लावायचं झालं? पोरंबाळं असतात, पाहुणे येणार आहेत पुण्याहून. काही लाजलज्जा?"

लाजलज्जा! दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठी होत्या. महिना महिना अंगावरून जायचं, थांबायचंच नाही. अशाच एका प्रभुभोजनाच्या रविवारी ती चर्चमध्ये उठून उभी राहिली आणि बाकावर डाग राहिला. गीत अजून चालू होतं. गीत संपेपर्यंत तरी थांबावं की नाही माणसानं? पण याच रणपिसेंनी तेव्हाच्या तेव्हा फिनेल आणवलं आणि बाक धुवून घेतला. तिच्यासमोर. वर शमुवेलला बाहेर बोलावून म्हणाले, बरं वाटेपर्यंत बाईंनी घरीच प्रार्थना केलेली बरी. चौदा महिने ती घरी बसली. मग ऑपरेशन झालं, ती परत चर्चला जायला लागली, आणि जसं काही झालंच नव्हतं तसे सगळे तिला "कशी आहेस?" विचारायला लागले. फिनेलचा वास मात्र तिच्या नाकातून कधी गेला नाही. गोधडीतल्या बाईची पिवळी साडी होती ना, ती त्याच दिवशीची.

"तेवढी बाई उसवा," रणपिसे म्हणाले. "तिथं दोन मेंढरं लावून टाका."

"नाही उसवणार."

"मग गोधडी लागणार नाही."

"नका लावू. पत्रिका तर वाटल्यात. अनावरण कशाचं करणार, भिंतीचं?"

रणपिसेंनी बोटांवर दिवस मोजले. शुक्रवारची दुपार, हाताशी एक दिवस. दुसरी गोधडी काय आभाळातून पडणार होती? त्यांनी छत्रीच्या टोकानं गोधडीचा वरचा कोपरा उलटून पाहिला. "मागं कोरं आहे वाटतं?"

"पांढरं मांजरपाट आहे."

"मग झालं तर! उलटी लावा. पांढरं स्वच्छ दिसेल. वरच्या भिंतीवर मी थर्माकोलची अक्षरं लावून घेतो, सुवर्णमहोत्सव म्हणून."

चार महिने! चार महिने बोटांना भोकं पाडून घेतली ती भिंतीला तोंड करून टांगायला? दमयंती तोंड उघडणार, तोच दाराशी सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलेली तिची सासू बोलली. कमळाबाई उरणकडची. घराणं ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण 'त्या' दिवसांत सुनेचं अंथरूण वेगळं, कोपऱ्यातलं, हा नेम म्हातारीनं कधी मोडला नव्हता. ही गोधडी चालली होती तेव्हाही तिचं एकच पालुपद, असलं बोलून दाखवू नाय. त्यामुळे आता ही रणपिसेंचीच तळी उचलणार, याची दमयंतीला खात्री होती.

"बाईला दोरा कंचा घातलास गो?" कमळाबाईनं विचारलं.

"लाल. तिला आणि तिच्या हातातल्या काठाला."

"आनि बाकीच्या गोधडीला?"

"पांढरा."

"मंग लाव उलटीच. सायब सांगतात ना."

म्हातारीनं मान वर केली नाही, पण सोडे निवडणारा हात थांबला होता. दमयंतीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तशी लावते. पण तुम्ही म्हणता म्हणून हं, साहेब. उद्या माझ्या नावानं खडे फोडू नका."

"मी कशाला फोडीन? मीच सांगतोय ना!" रणपिसे खूश होऊन गेले.

बिचारे! जन्मभर गोधडीत झोपलेला माणूस, पण एकदा तरी उलटून बघावी की नाही? गोधडी म्हणजे काय कापडी बॅनर आहे, एका बाजूला नक्षी आणि दुसरी बाजू कोरी? धावदोरा वरून जेवढा दिसतो तेवढाच खालूनही दिसतो. दमयंतीला तो शिकवला होता कमळाबाईनंच.

शनिवारी दोघी सासूसुनांनी गोधडी दांडीला लावली आणि वरून चादर सोडली. रविवारी चर्च गच्च भरलं. पुण्याचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर. दमयंती मुद्दाम त्याच बाकावर बसली, मागून तिसऱ्या. भिंतीवरून ती बाई उतरवली, तर आपणही या दारात परत पाऊल ठेवायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

रणपिसेंनी छोटंसं भाषण केलं आणि दोरी ओढली.

चादर खाली आली. प्रभू नव्हता, गर्दी नव्हती. पांढऱ्या दोऱ्याचं ते सगळं पांढऱ्या मांजरपाटात बुडून गेलं होतं. एवढ्या मोठ्या कोऱ्या पाठीवर एकच गोष्ट दिसत होती. लाल दोऱ्यानं काढलेली, गुडघ्यांवर रांगणारी बाई, तिचा लांब केलेला हात, आणि हातात एक लाल काठ. काल गर्दीच्या पायांत होती, आज सगळी भिंत तिची होती.

रणपिसेंचा चेहरा उतरला. "काढा," ते म्हणाले. "काढा ती आधी!"

दमयंती उठली. आवाज खणखणीत निघाला.

"बाजू दोनच आहेत, साहेब. एक तुम्हाला नको होती, दुसरी तुम्हीच निवडलीत. आता कुठली लावू ते मंडळीसमोर सांगा."

रणपिसेंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब शास्त्राची पानं उलटत होते. त्यांनी त्या बाईचाच अध्याय काढला आणि त्यात बोट घालून ठेवलं.

तेवढ्यात कमळाबाई बाकावरून उठली. काठी टेकत, अनवाणी, भरल्या चर्चमधून वेदीपर्यंत गेली. लाल काठावर तिनं हात ठेवला आणि वळली.

"माज्या सुनंला मी कोपऱ्यात निजवली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चुकलं माजं."

दमयंतीला हुंदका आवरेना. इतकी वर्षं, आणि हे शब्द तिला इथं, या चार लोकांत मिळत होते! मग एक बाई उठली, मग तिच्यामागची. बघता बघता बायकांची रांग लागली, प्रत्येकीचा हात काठाला लागत होता. रांगेत रणपिसेंची बायको चंद्रावतीही होती. "बस खाली," ते दबक्या आवाजात म्हणाले. ती बसली नाही.

रणपिसे रांगेकडे वळले. "अहो, हात लावू नका सगळ्याजणी," ते कसेबसे म्हणाले. "मळेल ना ती!"

दमयंतीनं डोळे पुसले आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

"मळू दे की, साहेब," ती म्हणाली. "फिनेल आहे ना आपल्या चर्चमध्ये."