लिंबाजीनं हाकलेली शाळा

लिंबाजी शाळेत शिरला तो भांडायला. पण मेंढरांना ते कसं कळावं? मालक जाईल तिकडं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तीबी त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत आली. एकानं पाट्यांवर लेंड्या टाकल्या, एकानं खडूचं खोकं हुंगून बघितलं, अन् चार वर्गांची ती एकुलती एक खोली मेंढरांनी आणि लेकरांच्या खिदळण्यानं भरून गेली.

झालं होतं असं. लिंबाजीची लेक पंचफुला चौथीत होती. आदल्या दिवशी ती बापासंगं मेंढरांमागं गेली, घरची गणितं तशीच राहिली, म्हणून चंद्रभान गुरुजींनी तिला दारात अंगठे धरून उभं केलं. मेंढरं पाण्यावर नेता नेता लिंबाजीला लेकीची वाकलेली पाठ दिसली, अन् त्याचं टाळकं सरकलं.

"ओ मास्तर! पगार घेता कशाचा? सावलीत खुर्ची टाकून लेकरं वाकवायचा? काठी धरायची अक्कल तरी हाय का?"

गुरुजी पाथरीकडचे. अंगानं काटकुळे, आवाजानं मऊ. हातातला खडू तसाच धरून ते म्हणाले, "लिंबाजीराव, बसा. पाणी प्या आधी."

"पाणी माज्या घरी लय हाय! मी दोनशे मेंढरं राखतो, दोनशे! त्या मुक्या जितराबाला सांभाळायला मला वरडावं लागत न्हाई, अन् तुमाला ही चाळीस पोरं आवरंनात?"

पोरं फिदीफिदी हसली. पंचफुला तेवढी मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. लिंबाजीला वाटलं, लेकीला आनंदानं काही सुचंना. तो छाती काढून बाहेर आला आणि पुढं कितीतरी दिवस मारुतीच्या पारावर ही हकिकत सांगत सुटला. दर खेपेला तीत त्याचं एक वाक्य वाढायचं आणि गुरुजींचं एक कमी व्हायचं.

तिकडं शाळेत मात्र गुरुजींची रया गेली. गुरुजींनी डोळे वटारले की मागून कुणीतरी "बें" करायचं. छडी उगारली की पोरं म्हणायची, "लिंबाजीमामाला बोलवू का?"

त्याच हिवाळ्यात राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला. मास्तर लोकबी त्यात उतरले. गुरुजींनी शाळेला कुलूप लावलं, किल्ली सरपंच दत्तरावांच्या हातात दिली आणि ते परभणीला मोर्च्याला निघून गेले.

झालं! पोरांना मोकळं रान सापडलं. आणि रान तरी कसलं! काळ्या भुईत ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला टचटचीत घाटे धरलेले, पहाटेच्या दवानं वावरं न्हाऊन निघालेली. पोरं सकाळी गावाबाहेर पडायची ती दिवस बुडताना काळ्या तोंडानं परतायची. कुणाची कणसं गेली, कुणाचा हरभरा मुळासकट गेला. दत्तरावांच्या वावरात तर पोरांनी आगटी पेटवून अर्धी तूर तुडवली.

दत्तराव पारावर आले तेच फणफणत. "कुठाय तो लिंबाजी? दोनशे मेंढरांचा बादशहा?"

"हाय की हितं," लिंबाजी म्हणाला.

"मास्तरला शाणपण शिकवायला गेलतास न्हवं? ही घे किल्ली. उद्यापासून पोरं तुज्या हवाली. शिकवू नको, निस्तं कोंडून ठेव."

पारावरची माणसं गालात हसायला लागली. लिंबाजीला तेव्हाच हात जोडता आले असते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "चाळीसच ना? जेवायच्या आत शिस्तीला लागत्याल!"

घरी बायको सगुणाबाई कपाळाला हात लावून बसली. मेंढरं आता तिच्या गळ्यात पडणार होती. "जिंदगीत एक दिवस शाळेत गेलता तुमी, तोबी अर्धा. काय शिकवणार लेकरांना? पळून जायला?"

बोलणं खोटं नव्हतं. निजामाच्या राज्यात लिंबाजीला बापानं मौलवीसाहेबांपुढं नेऊन बसवलं होतं. त्यांनी पहिलंच अक्षर काढलं ते अलिफ, सरळ उभ्या काठीसारखं. काठी बघून लिंबाजीला वाटलं ही आपल्याचसाठी काढली, अन् मौलवीसाहेब नमाजाला उठताच त्यानं जी धूम ठोकली ती थेट रानात. तेव्हापासून तो मेंढरांतच होता.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं पागोटं बांधून, खांद्यावर घोंगडी अन् हातात दांडकं घेऊन नवे मास्तर खुर्चीवर बसले. हजेरी वाचता येईना, म्हणून डोकी मोजली. मोजून होईस्तोवर दोन डोकी खिडकीतून पसार झाली. लिंबाजी त्यांच्यामागं धावला, तर मागं उरलेली दारातून निघाली. कशीबशी गोळा केली, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "बें!"

लिंबाजी मागं गेला. आवाज पुढून आला. तो पुढं आला. मग चारी बाजूंनी यायला लागला.

दुपारपर्यंत लिंबाजीचा घसा बसला. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. मेंढरांत एकाला वळवलं की बाकीची आपोआप वळतात. पोरांचं उलटं. एकाला दाबलं की बाकीची उसळतात. हे त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

नुसतं कोंडून बसवणंबी जमंना, म्हणून त्याला येत होतं ते त्यानं शिकवायला घेतलं. मेंढरं मोजायची रीत. वीस झाली की एक ईस, मग दुसरी ईस. पोरं जरा रमली. तेवढ्यात मागनं मुंजाजी उठला. चांगुणाबाईचा एकुलता एक, जिभेचा तिखट. कमरेवर हात ठेवून, हुबेहूब लिंबाजीच्याच आवाजात तो म्हणाला, "ओ मास्तर! पगार घेता कशाचा? काठी धरायची अक्कल तरी हाय का?"

खोली हसण्यानं दणाणली. आणि लिंबाजीचं दांडकं फिरलं. मुंजाजीच्या पोटरीवर सप्पकन् बसलं.

हसू जागच्या जागी थिजलं. पोरगं रडलं नाही. नुसतं बघत राहिलं. लिंबाजीनं पंचफुलाकडं बघितलं, तर ती मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होती. त्या दिवशी लेकीला आनंद झाला नव्हता, हे त्याला आत्ता कुठं उमगलं.

सकाळी चांगुणाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. खुडणीला निघालेली, पदर खोचलेला, हातात विळा.

"ओ लिंबाजी! लेकरू हाय का मेंढरू ते? पोटरी निळी पडली माज्या पोराची! बाप न्हाई त्याला म्हणून कुणीबी हाणावं का? सोताला अक्षर येईना अन् बसला खुर्चीवर! आरं, लाज वाटाया पायजे!"

सगळी पोरं बघत होती. भुईला भेग पडावी अन् आपण घोंगडीसकट आत जावं, असं लिंबाजीला झालं. एवढ्या बारक्या डोळ्यांसमोर माणूस किती उघडा पडतो! रानात लांडगा समोर आला तेव्हाबी त्याला असं झालं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यानं हाताकडं बघितलं. हातात खडू होता.

मग त्याच्याच तोंडातून शब्द आले, "चांगुणाबाई, बसा. पाणी प्या आधी."

हे शब्द आपले नव्हेत, हे त्याचं त्यालाच जाणवलं. पण चांगुणाबाई गप्प झाली. शाळेत तिला आजवर कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्यावर टेकली. पंचफुलानं तांब्या भरून दिला. पाणी पिऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "मारू नका. सांगून बघा. आईकल तो."

"माजं चुकलं," लिंबाजी म्हणाला, पोरांच्या देखत. मग मुंजाजीजवळ जाऊन, "लय लागलं का रं?"

"न्हाई," मुंजाजी म्हणाला, आणि मग नाक ओढून त्यानं रडायला सुरुवात केली.

त्या दिवशी कुणी "बें" केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं. म्हणून काही शाळा एका दिवसात सरळ झाली, असं समजू नका. पोरं पळतच होती, लिंबाजी ओरडतच होता. एवढंच, की दांडकं बाहेर लिंबाच्या झाडाला टेकवलेलं असायचं आणि पळालेली पोरं जेवणाच्या सुट्टीनंतर आपणहून परत यायची.

माघात संप मिटला. गुरुजी फाट्यावर एसटीतून उतरून, पिशवी सावरत, चालत गावात आले. आणखीच वाळले होते. लिंबाजी किल्ली घेऊन शाळेत गेला. रात्रभर त्यानं मनाशी बोलणं जुळवलं होतं. पण गुरुजींना बघितलं अन् त्यानं नुसती किल्ली पुढं केली.

"लिंबाजीराव, काय शिकवलं पोरांना?" गुरुजींनी विचारलं.

लिंबाजीच्या आधी मुंजाजी उठला. "गुरुजी, साठ म्हंजी तीन ईसा!"

"आणि शंभर?"

"पाच ईसा!" सगळा वर्ग ओरडला.

"पंच्याहत्तर?"

"चार ईसाला पाच कमी!"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अहो, हे पुसायला मला उन्हाळा लागेल!"

"माज्यापाशी व्हतं ते दिलं बगा," लिंबाजी ओशाळून म्हणाला. "चांगला माल व्हता कुठं?"

"त्रास दिला का पोरांनी?"

वर्गानं श्वास रोखला. मुंजाजी पाटीमागं लपला.

"छ्या! लय गुणाची लेकरं," लिंबाजी धडधडीत खोटं बोलला. "मेंढरापरीस गरीब." मग जरा घुटमळून म्हणाला, "गुरुजी, तुमची ती खुर्ची डुगडुगत व्हती. पायाला फळी ठोकलीय. बसून बगा."

गुरुजींनी खुर्चीकडं बघितलं, लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजी जायला वळला, तसे ते पोरांना म्हणाले, "उठा. लिंबाजीराव निघालेत."

सगळी पोरं खाडकन् उभी राहिली. "एऽक साऽथ नमस्तेऽ!"

लिंबाजी दारात थबकला. आपल्यामागं कुणी साहेब आलाय का, म्हणून त्यानं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. पोरं हात जोडून उभीच. लिंबाजी उभाच.

"'बसा' म्हणा," गुरुजी हळूच म्हणाले. "तुम्ही म्हटल्याशिवाय त्यांना बसता येत नाही."

लिंबाजीनं तोंड उघडलं. अन् जन्माच्या सवयीनं तोंडातून मेंढरं हाकायची हाळी निघून गेली, "हुर्रर्र... थ्थ्या! थ्थ्या!"

मग सगळी शाळा हसत हसत मटकन् खाली बसली. पंचफुला तर सगळ्यांहून मोठ्यानं हसत होती. गुरुजींनी घाईनं फळ्याकडं तोंड फिरवलं.

लिंबाजीनं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि पायरी उतरता उतरता स्वतःशीच म्हणाला, "काय का असंना, बसली तं खरी!"