फेबियनचा पांढरा सॉस

“कढी केलीस काय रे, फेबियन?”

थोरल्या भावाने, ॲन्सेल्मने, पातेल्यात बोट बुडवलं आणि मांडवातल्या सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. बोटावरून तेल ओघळलं. पातेल्यात वर तेल आणि खाली अंड्याचं पिवळट पाणी, अशी दोघांनी वेगळी बिऱ्हाडं केली होती. नारळ खवणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

सकाळी हाच सॉस घट्ट आणि पांढराशुभ्र होता. अंड्याच्या बलकात थेंबाथेंबाने तेल घोटून फेबियनने तो स्वतः केला होता. उद्या त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, सेलिनचं, लग्न. बटाटा-गाजर-वाटाण्याच्या सलाडवर हे मायोनीज घालायचं, असा त्याचा बेत होता. त्याआधी गावातल्या उकाड्यात ते कसं टिकतं हे बघावं म्हणून आज थोडं करून ठेवलेलं. पण मे महिना, आणि तोही निर्मळ गावातला. मांडवावरचा पत्रा तापला आणि दुपारपर्यंत सॉसने मान टाकली.

उभी हयात फेबियनने मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात हाच सॉस केला होता. त्याची कामाची खोली इतकी थंड, की बारा महिने अंगात स्वेटर. तेव्हा उन्हात याचं काय होतं, हे त्या भल्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. हॉटेलच्या मागच्या फाटकावर पहारेकरी नोकरांचे डबे उघडून बघायचे. आतला घास बाहेर जायचा नाही, आणि निर्मळचा माणूस आत जेवायला जाईल ही तर बातच सोडा. साहेबांनी, मडमांनी, सिनेमातल्या लोकांनी त्याच्या हातचं खाल्लं. बायको रोझमेरीने कधी खाल्लं नाही, लेकीने नाही.

गावातल्या लग्नांचे हंडे ॲन्सेल्मच्या ताब्यात. फेबियनला लोक ‘साहेबांचा आचारी’ म्हणायचे आणि कांदे सोलायला बसवायचे. हे त्याला लागायचं, फार लागायचं. रिटायर झाल्यापासून त्याच्या मनात एकच होतं: एकदा तरी आपल्या माणसांनी आपल्या हातचं खावं. उद्या हुकलं, की पुन्हा त्याच्या दारात मांडव पडणार नव्हता.

“जाऊ द्या ना,” रोझमेरी हळूच म्हणाली. “दादांचं मटण आहे, पाव आहे. सलाडला कोण विचारतंय?”

“मी विचारतोय,” फेबियन म्हणाला आणि त्याने सायकल काढली.

पाचूबंदरावर मासळीसाठी ठेवलेला बर्फ मिळाला. तिथल्या जिजा कोळणीने लादी गोणपाटात बांधून दिली आणि वर फुकटचा सल्लाही दिला. “मीठ टाक रं भाऊ त्याच्यावर, भरपूर. मंग बघ कसा गारठा धरते.”

फेबियनने ऐकलं. लग्नाच्या दिवशी पहाटेच्या गारव्यात त्याने नवा सॉस घोटला, डब्यात भरला आणि डबा बर्फ-मिठात गाडून तो चर्चला गेला. मिस्सा झाली, आणा-भाका झाल्या, बँड वाजवत वऱ्हाड घरी आलं. त्याने धावत जाऊन झाकण उघडलं. आत सॉसचा दगड झाला होता. मांडवात आणल्यावर तो दगड पाघळला, आणि पुन्हा वर तेल, खाली पाणी. काल उकाड्याने मोडला होता, आज गारठ्याने.

“आता पुरे,” ॲन्सेल्म म्हणाला. “पोरीच्या लग्नात हसं नको. त्या बटाट्यांवर नारळाची चटणी घाला.”

थोरल्याचा शब्द म्हणजे शब्द. चटणीचं भांडं आलंसुद्धा.

फेबियन घरात गेला. लोकांना वाटलं, बिचारा तोंड लपवायला गेला. पण तो लग्नाचा काळा कोट उतरवून, हॉटेलातली उंच पांढरी टोपी घालून बाहेर आला. त्याने टेबल ओढत मांडवाच्या मधोमध आणलं, त्यावर अंड्यांची टोपली आणि तेलाची बाटली आदळली.

“चटणीला कोणी हात लावायचा नाय! वाडगाभर करीन, तुमच्या डोळ्यांदेखत करीन. मोडायच्या आत ताटात पडेल. नाय आवडलं तर थुंका. पण खाऊन मग थुंका!”

बँडवाले वाजवायचे थांबले. फेबियनने अंडं फोडलं, बलक वेगळा केला, डाव्या हाताने तेल सोडत उजव्या हाताने घोटायला लागला. कोणी जागचं हललं नाही. मग पांढरा झगा दोन्ही हातांनी सावरत सेलिन उठली आणि ताट घेऊन टेबलापाशी आली.

“पप्पा, मला वाढा.”

त्याला रडू आलं. पण तेलाची धार हातात होती, डोळे पुसायची सोय नव्हती. तो तसाच घोटत राहिला. सेलिनमागोमाग रोझमेरी आली, मग नवरामुलगा, मग शेजारीपाजारी. आग्नेस आत्याने घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

“याला काय चवच नाय रे, बाबा.”

“नसू दे. आणखी घे.”

आत्याने आणखी घेतलं. फेबियनचा खांदा भरून आला, टोपी घामाने चिकटली, पण तो वाडग्यामागून वाडगा करत राहिला. कोणीच थुंकलं नाही.

शेवटी ॲन्सेल्म आला. त्याने बटाट्याची फोड तोंडात टाकली, सावकाश चावली, गिळली.

“मिरची घालायला पायजे होती.”

“यात मिरची नसते, दादा.”

जन्मात थोरल्याला तोंडावर उलट बोलायची फेबियनची ही पहिलीच वेळ. त्याने मान वर केली नाही. पुढचं अंडं वाडग्याच्या काठावर फोडलं आणि तेलाची बाटली वाकडी केली. ॲन्सेल्म ताट पुढे धरून तिथेच उभा राहिला.