एकट्याची नाव

जहरून उस्ताने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला आणि चिलेबला म्हणाला, "नुसता बघतोस काय? उचलून बघ. चिखलातून ओढायची तुलाच आहे."

चिलेबने नावेचं टोक धरून वर केलं. सात हातांची, अरुंद, बुडाला सपाट, काठ जेमतेम वीतभर उंच. डांबराचा हात नुकताच दिलेला, त्याचा वास अजून जात नव्हता. तो आत गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला आणि दोन्ही हात काठाबाहेर सोडून पाणी मागे लोटल्यासारखे हलवून पाहिले. बदकं मारायला नाव अशीच लागते. चार बोटं पाण्यावर ती तरंगली पाहिजे आणि बोरूत शिरताना बोरूचा शेंडा हलता कामा नये. बंदूक मात्र नाकासमोर झाडायची. आडवी झाडली तर धक्क्याने नाव उलटते.

शेजारी दुसरी नाव तयार होती, अकरा हातांची. ती दोघांची. एकाने मागे उभं राहून काठी मारायची, दुसऱ्याने पुढे बंदूक घेऊन पडायचं. तिशीत असताना चिलेब आणि त्याचा थोरला भाऊ मिजबान यांना जहरूननेच अशी एक करून दिली होती. हुवेर गावातल्या त्या नाव-सुतारांच्या गल्लीत तेव्हा दिवसभर लाकूड तासल्याचा आवाज असे. आता जहरून एकटाच उरला होता आणि त्यालाही मुलगा परदेशातून बोलावत होता.

त्याने मिजबानची चौकशी केली. चिलेब म्हणाला, बरा आहे, पण दिसत नाही. एक डोळा निर्वासितांच्या छावणीतच गेला, दुसऱ्यात नुसता उजेड कळतो.

"काठी मारायला डोळे कशाला?" जहरून म्हणाला. "तो तर पाण्याच्या आवाजावर नाव न्यायचा. मोठी घे."

"मोठी उथळात चालत नाही."

"न चालायला काय झालं? दोन बोटं पाणी जास्त लागेल."

चिलेबने लहान नावेला दोर बांधला. जहरूनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाकस उचलला.

खरं कारण आमच्या दलदलीतल्या बेटांवर सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडावर कुणी काढत नसे एवढंच. दलदल सुकवायला सरकारी फौज पाणी तोडायला आली, तोफा सुरू झाल्या, तेव्हा चिलेबने बायको तिसवाहिन आणि दोन मुली त्या जुन्या नावेत घातल्या आणि तो निघाला. त्यांना कोरड्यावर सोडतो आणि तुम्हा दोघांना न्यायला येतो, असं भावाला आणि वहिनीला सांगून गेला. तो आला नाही. वाट बंद झाली होती, असं तो सांगे, झालीही असेल. मिजबान बायकोला घेऊन भेगा पडलेल्या चिखलातून पायी इराणच्या छावणीत पोचला. ती तिथेच वारली. चिलेबने नासिरिया शहरात एका शाळेच्या दारावर बारा वर्षं राखणदारी केली. पाणी परत आलं तशी माणसंही परतली. मिजबान एका ट्रकवरून उतरला आणि भावाच्या गळ्यात पडून म्हणाला, "जाड झालास रे." त्या गोष्टीबद्दल त्याने त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. चिलेब मात्र रोज वाट पाही की आज विचारेल. आता अकरा हातांच्या नावेत त्याच्याबरोबर पहाटेपासून दुपारपर्यंत बसायचं, हे त्याला नको होतं.

नाव घरी आली तेव्हा मिजबान बोरूच्या खोपटाबाहेर उन्हाला बसला होता. डांबराच्या वासाने तो उठला. नावेच्या टोकाशी बसून त्याने विती मोजायला सुरुवात केली, काठावरून हात सरकवत सरकवत मागच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे थोडा वेळ हात तसाच ठेवून बसला.

"हलकी आहे," तो म्हणाला. "चांगली आहे." मग आत जाऊन त्याने तिसवाहिनकडे चहा मागितला.

त्या हिवाळ्यात बदकं भरपूर उतरली होती. चिलेब अंधारातच निघे, दुपारी दहा-बारा घेऊन येई. मिजबान ती सोलायचं काम करी. पिसं उपटता उपटता तो बोटांनी चरबी चाचपून सांगायचा की ही कुठल्या पाण्यावर चरलीत, आणि ते बरोबर निघायचं. वारा कुठून होता, पाणी किती होतं, एवढंच तो विचारी. चिलेब तुटक उत्तरं देई.

एकदाच तो म्हणाला, "उद्या मला ने, खूया. मी पुढे पडून राहीन. बोलणार नाही."

लहानपणापासून दोघं एकमेकांना खूयाच म्हणत, म्हणजे भावा. चिलेब म्हणाला, "दोघं बसलो तर काठावरून पाणी येईल."

"बरं," मिजबान म्हणाला.

तिसवाहिनने त्या दिवशी नवऱ्याला ताटावरच सुनावलं की मोठी नाव आणायला तुझा हात कुणी धरला होता? तो भाकरी मोडत राहिला.

जानेवारीत एक दिवस चिलेब जुन्या बांधापलीकडच्या पट्ट्यावर गेला. तिथे पाणी गुडघाभर. अलीकडे मात्र फौजेने पाणी काढून न्यायला खणलेला कालवा होता, दोन पुरुष खोल, काठ शेवाळाने मऊ. नावेतल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही, पाणी वरून सगळीकडे सारखंच दिसतं. मिजबान छावणीत असताना खणलेला तो. मिजबानच्या ओळखीच्या पाण्यात तो नव्हता, आणि त्याला कुणी सांगितलाही नव्हता.

उजाडता उजाडता दीडएकशे बदकं पट्ट्यावर बसली. चिलेब पोटावर पडून, हाताने पाणी लोटत, वीत वीत पुढे सरकत होता. अजून वीस हात सरकला असता तर एका बारात महिन्याची चूल पेटली असती. तेवढ्यात मागून, बोरूच्या पलीकडून हाक आली.

"चिलेब!"

बदकांनी माना वर केल्या. चिलेब जागच्या जागी थिजला. आवाज कुणाचा ते त्याला कळलं होतं. पाण्यात काठी टेकत येणारी पावलंही ऐकू येत होती. काही मिनिटांनी पुन्हा हाक आली, आता बांधाच्या जवळून.

"खूया, कुठे आहेस?"

त्याने ओ दिली नाही. बदकांच्या माना हळूहळू खाली गेल्या. तो आणखी सरकला आणि त्याने बार काढला.

मग धावपळ झाली. जखमी बदकं बोरूत शिरतात, त्यांना शोधायचं, जीव जायच्या आत देवाचं नाव घेऊन सुरी फिरवायची. सतरा मिळाली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग सगळं शांत झालं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हाक पुन्हा आलेली नाही.

कालव्यावर मिजबानच्या डोक्याचं फडकं तरंगत होतं. काठी बोरूला अडकली होती. चिलेबने तीन बुड्या मारल्या. चौथ्या बुडीत त्याच्या हाताला अंगरखा लागला.

त्याने बदकं काढून चिखलावर टाकली आणि भावाला नावेत निजवलं. दोघांचा भार तिला पेलणार नव्हता. दोर खांद्यावर घेऊन तो पाण्यातून चालत निघाला, कुठे कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत. म्हशी सोडायला निघालेल्या आमच्या माणसांनी त्याला लांबून पाहिलं. आधी वाटलं, नाव फुटली म्हणून ओढत नेतोय.

दुपारी प्रेत धुऊन झालं. बायका रडून थकल्यावर तिसवाहिन त्याच्याजवळ येऊन बसली. मिजबान कशाला बाहेर पडला होता, ते तिने सांगितलं. पहाटे तो बेटाच्या कडेला पाणी ऐकत बसला होता. वरच्या धरणाची दारं बंद केलीत, पाणी झपाट्याने उतरतंय, असं तो म्हणाला. चिलेब पलीकडे उथळात आहे, नाव चिखलात बसेल, मग त्याला ना येता येणार ना जाता. तिने शेजाऱ्याला पाठवते म्हटलं. तो म्हणाला, शेजारी म्हशींकडे गेलेत, मला वाट पाठ आहे. फडकं तिच्याकडून घट्ट बांधून घेऊन तो निघाला.

चिलेबने सगळं ऐकून घेतलं. "पाणी खरंच उतरत होतं," एवढंच तो म्हणाला.

प्रेत पवित्र नजफला दफनाला गेलं. आमच्या टोळीच्या शेखच्या बोरूच्या दिवाणखान्यात तीन दिवस सुतकाची बैठक बसली. माणसं येत, मेलेल्यासाठी फातिहा म्हणत, कडू कॉफी घेत आणि तेच तेच बोलत. आंधळा माणूस, त्याने एकट्याने जायला नको होतं. घडी भरली की पाणी निमित्त होतं. चिलेब दाराशी बसून सगळ्यांचं ऐकत होता. तिसऱ्या दिवशी शेख त्याची समजूत घालू लागला, की एवढ्या लांब हाक कशी ऐकू येणार, तू काय करणार होतास?

"हाक ऐकू आली होती," चिलेब म्हणाला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"दोनदा आली. बदकं उडतील म्हणून मी बोललो नाही. मध्ये कालवा आहे, हे मला ठाऊक होतं. मनात आलंसुद्धा. तरी बोललो नाही. आणि फौज आली त्या वेळी वाट बंद नव्हती. दोन दिवस उघडी होती. मी भ्यालो."

शेखने जपमाळ मुठीत धरली, पण मणी पुढे गेला नाही. कॉफीवाला भांडं घेऊन मध्येच उभा होता. त्याला पुढे जावं की परत फिरावं ते कळेना. शेवटी तो रांगेने आला तसाच चिलेबपर्यंत आला आणि त्याने कप भरला. चिलेबने तो दोन्ही हातांत घेतला. प्यायला नाही.

मग माणसं एकेक करून उठू लागली. कुणी त्याच्याकडे पाहिलं, कुणी टाळलं, पण दारातून जाताना प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे सलाम केला. काहींचा आवाज इतका खाली होता की शेजारच्यालाही ऐकू गेला नसता. चिलेबने प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटचा माणूस बाहेर पडून आपल्या नावेत बसेपर्यंत तो मान वर करून दाराकडे कान देऊन बसला होता.