वरच्या खोलीतलं हसणं

नोकरकपातीच्या सकाळी गॅरेट आणि त्याची बायको नोरीन, दोघांनाही मेल आले. दोघं एकाच कंपनीत प्रोग्रॅमर. त्याच्या मेलमध्ये आभार मानून निरोप दिला होता, तिच्या मेलमध्ये नवी जबाबदारी. सिएटलजवळच्या त्यांच्या घरात त्या दिवशी टीव्हीसुद्धा लागला नाही.

पुढे स्वयंपाक गॅरेटकडे आला. वरच्या खोलीतून मीटिंगमधलं तिचं हसणं ऐकू आलं, की कांदा चिरता चिरता त्याचा हात थांबायचा. एवढं हसायला काय होतंय हिला?

एका दुपारी ती लॅपटॉप घेऊनच खाली आली.

"तुझ्या बिलिंगच्या प्रोग्रॅमचं काम माझ्या गळ्यात पडलंय, गॅरेट. महिनाअखेर आली की सगळं अडकतं. का रे?"

कारण त्याला पाठ होतं. तारखांचा घोळ त्यानंच घाईघाईत ठिगळ लावून झाकला होता.

"आठवत नाही बुवा."

"खरंच?"

"काढून टाकलंय ना मला? डोकंही तिथंच ठेवून आलोय."

ती लॅपटॉप घेऊन वर गेली. दोन दिवस ती त्या कामाशी झगडत राहिली, जेवणाकडेही तिचं लक्ष नव्हतं. गॅरेट मनातून सुखावला होता.

तिसऱ्या दिवशी तो सूप घेऊन वर गेला, तर स्क्रीनवरून तिचा सहकारी टोबिन ओरडत होता, "कमाल केलीस! गॅरेटचा सगळा गबाळा कारभार निस्तरलास की!"

"त्याला नावं ठेवू नकोस," नोरीन म्हणाली. "तेव्हा त्या कामाला कुणीच हात लावायला तयार नव्हतं. त्यानं एकट्यानं उभं केलं ते."

दारातल्या गॅरेटला हे जास्तच झोंबलं. मनाच्या मोठेपणातही हीच पुढे!

तिनं मीटिंग बंद केली आणि दाराकडे वळली. "ते का अडकतं, तुला माहीत होतं ना?"

"हो." त्यानं सूप टेबलावर ठेवलं. "जळतो मी तुझ्यावर. तू नुसती हसलीस तरी."

"दिसतं मला ते. राग आलाय मला, गॅरेट. फार."

तो जायला वळला, पण गेला नाही. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"दाखव, कसं केलंस."

तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तिचं काम त्याच्या कामापेक्षा स्वच्छ होतं. पुन्हा आत काहीतरी चरचरलं. तरी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिला.