भूमध्य समुद्राचा खालचा किनारा

चोपड्याच्या हायस्कुलात भिकुबाई चौधरी यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी त्या फळ्यावर भूमध्य समुद्र काढायच्या आणि सांगायच्या, "उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात." एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, थंडीत पाऊस पडतो तर लोक करतात काय?" बाईंनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं, कारण उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता जाऊनच बघायचं. तेही धावतपळत नाही, चांगले नव्वद दिवस.

सोबतीला शहजादी तडवी. ग्रामीण रुग्णालयातून त्याच वर्षी निवृत्त झालेली सिस्टर, शेजारच्या गल्लीतली. रोज पहाटे दोघी बारा वर्षं बरोबर फिरायला जात होत्या. सिस्टरच्या घरात दोन मुलं, दोन सुना, पाच नातवंडं आणि ऐकू न येणारी सासू. बाईंच्या घरात बाई.

"ऐनवेळी तूच मोडता घालशील," बाई म्हणायच्या. "तुझ्याकडे कुणीतरी आजारी पडेल, नाहीतर कुणाचं तरी लग्न निघेल. माझं बरं आहे. कुलूप लावलं की मोकळी. मागं ओढणारं कुणी नाही."

हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. सिस्टर नुसती हसायची.

चार महिने बाईंनी आखणी केली. स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस. कोणत्या दिवशी कोणतं गाव, किती वाजता कोणती टेकडी, सगळं फाईलमध्ये. सिस्टरनं एकच सूचना केली.

"बाई, दुपारी थोडं पडायचं का?"

"पडायला चोपडा आहे," बाई म्हणाल्या.

व्हिसाचे अर्जही बाईंनीच भरले. कुटुंबाची माहिती लिहिताना सिस्टरच्या अर्जाला जादा कागद जोडावा लागला. स्वतःच्या अर्जातल्या त्या रिकाम्या रकान्यांवर बाईंनी पट्टी धरून सरळ रेघा मारल्या. दोघी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आल्या, आणि बाईंनी दोन लोकरी टोप्या विणायला घेतल्या.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. सिस्टरच्या पासपोर्टात व्हिसा होता. बाईंच्या पासपोर्टात पत्र होतं: मुदत संपण्यापूर्वी अर्जदार मायदेशी परततील याची खात्री वाटत नाही.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. "मी? मी परत येणार नाही? चौतीस वर्षांत मी कधी एका दिवसानं रजा वाढवली नाही!"

सिस्टरला हसू आवरेना. "बाई, त्यांना वाटलं असेल, हिला घरी बोलावणारं आहे कोण?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाईंचा चेहरा पडला. त्यानंतर चार दिवस त्या फिरायला आल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्या स्वतः फाईल घेऊन सिस्टरकडे गेल्या.

"तू जा. हसीबला सोबत ने." हसीब म्हणजे सिस्टरचा थोरला. "सगळं लिहिलेलं आहे. अडचण येणार नाही."

सिस्टर चिडली की तिच्या तोंडी तिच्या गावची बोली यायची. तिनं फाईलमधला नकाशा काढून खाटेवर पसरला. "हाई खालनं काय शे?"

"इजिप्त, लिबिया, ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्को," बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

"मग तठे पानी दुसरं शे का? समुद्र ते एकच शे नं!"

बाई नकाशावर वाकल्या. चौतीस वर्षं त्यांनी तो किनारा काढला होता तो केवळ खालून समुद्र सांडू नये म्हणून. वरच्या किनाऱ्यावर संत्री-द्राक्षं असायची; याच्यावर एक संत्रंसुद्धा दाखवलं नव्हतं.

इजिप्त आणि ट्युनिशियाचे व्हिसे मिळाले. सिस्टरच्या पासपोर्टातला युरोप तसाच पडून राहिला. डिसेंबरात दोघी अलेक्झांड्रियाला पोचल्या आणि तिसऱ्याच दिवशी धो धो पाऊस आला. बाई भर थंडीत रस्त्यावर उभ्या. "बघ! हिवाळ्यात!" त्या अशा थाटात म्हणाल्या, जणू तो त्यांनीच पाडला होता. लोक काय करत होते? छपराखाली उभे राहून चहा पीत होते.

पुढं मात्र गंमत झाली. चोपड्यात रस्त्यानं निघालं की दर दहा पावलांवर कुणीतरी "नमस्कार बाई" म्हणायचं. त्यातल्या निम्म्यांना बाईंनी कधी ना कधी उभं केलेलं. इथं दोन आठवड्यांत त्यांना कुणी ओळखलं नव्हतं. त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आठवू लागली, समोरच्यांचा मोठ्यानं लागणारा टीव्हीही आठवू लागला.

"सिस्टर, तुला घरची आठवण नाही येत?"

"येते ना. फोनवर हुमा दिसते, तेवढी पुरते." हुमा ही धाकटी नात. एवढं बोलून सिस्टर दुपारची झोपायला गेली.

ट्युनिशियात समुद्राकाठच्या गावात त्यांची घरमालकीण गुडघेदुखीची निघाली. सिस्टरनं तिचे गुडघे शेकून दिले, शेजारणीचा रक्तदाब पाहिला, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली दारात येऊ लागली. भाषा एकमेकींना कळत नव्हती. खाणाखुणांवर मजेत चाललं होतं.

परतीला चार दिवस उरले तेव्हा सिस्टर म्हणाली, "बाई, व्हिसा अजून आहे. पंधरा दिवस वाढवू. घरी काय, सगळे आहेतच एकमेकांना."

"मी सोमवारी जाणार," बाई म्हणाल्या.

आणि त्या गेल्या. ठरल्या तारखेला एकट्याच चोपड्यात उतरल्या. घरी बॅग टाकून आधी हसीबकडे गेल्या. खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "शहजादी कुठं?" बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन चारदा सांगितलं. हसीबनं हळूच विचारलं, "बाई, अम्मी येईल ना नक्की?"

"येईल, येईल," बाई म्हणाल्या. पण सिस्टरच्या पंधराचे सतरा दिवस होईपर्यंत त्या रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसत. हुमाचा अभ्यास घेत, जेवूनच परतत.

सिस्टर आली तेव्हा चोपड्याच्या एसटी स्टँडवर तिला घ्यायला बाईच उभ्या होत्या. ती उन्हानं रापली होती, थोडी जाडही झाली होती.

"पुढच्या वर्षी मोरोक्को," ती एसटीतून उतरता उतरता म्हणाली.

"आधी घरी चल," बाईंनी तिची पिशवी ओढून घेतली. "वरण उकळायला ठेवून आलेय मी तुझ्या चुलीवर."