भट्टीत जन्मलेलं माणिक

मी अंगठीतला लाल खडा बोलतोय. लोक मला माणिक म्हणतात आणि तसा मी आहेही. फक्त माझा जन्म खाणीत झाला नाही, भट्टीत झाला. ज्वाळेतून भुकटी खाली पडत गेली आणि थरावर थर चढून मी वाढलो. त्या थरांच्या वाकड्या रेषा अजून माझ्या पोटात आहेत.

कारागिराने चाकावर घासून मला पैलू पाडले. पुढे दुकानात एक लाजरा माणूस आला. त्याचं लग्न ठरलं होतं. खडा खाणीतलाच ना, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. दुकानदाराने गळ्याची शपथ घेतली आणि त्या भाबड्याला ती पटली.

त्याच्या बायकोच्या बोटात मी संसार केला. पीठ, साबण, बाळाची लाळ, सगळं अंगावर घेतलं. तो अकाली गेला. मग ती बोलता बोलता मला अंगठ्याने फिरवायची. न मागता त्याने दिलेली एवढी एकच वस्तू, असं सगळ्यांना सांगायची.

मुलगी मोठी होऊन रत्नपरीक्षा शिकू लागली. आईनेच हौसेने मला तिच्या हाती दिलं. "वर्गात दाखव. तुझ्या बाबांची पारख कळू दे त्यांना."

सूक्ष्मदर्शकाखाली माझं पोट उघडं पडलं. वाकड्या रेषा, हवेचे बुडबुडे. मुलीने डोळा वर उचललाच नाही. शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, रंग सुरेख आहे, पैलूही नीट आहेत, पण मोल धरायचं ते सोन्याचंच.

घरी तिने टाळाटाळ केली. आई समोरून हलेना.

"आई, खडा खाणीतला नाही."

"म्हणजे ह्यांनी मला फसवलं."

"बाबांना माहीत नसेल गं."

"माहीत नव्हतं, की सांगितलं नाही? आता कुणाला विचारू?"

मी तिच्या समोर टेबलावर पडलो होतो. दुकानातलं सगळं ऐकलेला इथे मी एकटाच, आणि मला तोंड नाही.

तिने मला पुन्हा बोटात घातलं नाही. नवऱ्याचा विषयही काढला नाही, अगदी शेवटच्या आजारातसुद्धा नाही. ती गेल्यावर मुलीने मला सोन्यातून सोडवलं आणि वर्गाला देऊन टाकलं.

आता मी नमुन्यांच्या डबीत असतो. नवे विद्यार्थी मला चिमट्याने उचलतात, रेषा सापडल्या की खूश होतात. बाबांनो, खुशाल ओळखा मला. पण हा खडा कुणी कुणाला दिला होता, एवढं एकदा तरी विचारा. उत्तर मला देता येणार नाही. तरी विचारा.