चार वाजताचा आकडा

मी एक जुना फोन आहे, आणि माझ्यावरून आजवर कुणीही ‘हॅलो’ म्हटलेलं नाही. हसू नका, मित्रांनो. फोनच्या जातीत जन्माला येऊन असं आयुष्य काढायचं म्हणजे शिट्टी व्हायचं आणि कधी वाजायचंच नाही, तशातली गत. पण माझं काम वेगळं होतं. मी बोलण्यासाठी नव्हतो, मी मोजण्यासाठी होतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला काच बसवली, पुसलं आणि खोक्यात झोपवलं. माझ्याबरोबरचे भाऊबंद लोकांच्या खिशांत गेले. त्यांच्या पोटात बाळांचे फोटो साठले, कुणी चहात पडले, कुणी जिन्यावरून गडगडत गेले. आम्ही आठ जण मात्र गेलो एका मोबाइल कंपनीच्या मोजणी विभागात. एका काळ्या बॅगेत स्पंजचे आठ कप्पे होते. प्रत्येकाला एकेक कप्पा मिळाला, पाठीवर एकेक नंबर चिकटवला गेला. माझा नंबर तीन.

आमची मालकीण म्हणजे मोजणीवाली ताई. उंच, किडकिडीत, केसांत कायम एक पेन खोचलेलं आणि तेच पेन दिवसभर शोधणारी. तिच्याबरोबर ड्रायव्हरकाका. गाडी गावभर फिरायची आणि आम्ही वेग मोजायचो. तुमच्या घरातला नळ किती धो धो वाहतो ते बादली लावून बघता ना, तसंच. टॉवरवरून एक मोठी फाइल माझ्याकडे यायची, तो खाली येण्याचा वेग. मग मी एक फाइल टॉवरकडे पाठवायचो, तो वर जाण्याचा वेग. आम्ही दोघांनाही नुसतं ‘आकडा’ म्हणायचो. खालचा आकडा अहवालात ठळक अक्षरांत पहिल्याच रकान्यात असायचा. वरचा आकडा अगदी शेवटच्या रकान्यात, मुंगीएवढा. तो कुणी वाचत नसे. खरं सांगायचं तर मीही त्याला फार किंमत देत नव्हतो.

ती वर्षं माझ्या मानाची होती. बाकीचे सात उन्हात तापले की गळपटायचे, मी कधी अडलो नाही. ताई मला बाहीने पुसायची आणि म्हणायची, “तीन नंबर खोटं बोलत नाही.”

“बोलत नाही म्हणूनच तुमचं पटतं त्याच्याशी,” ड्रायव्हरकाका म्हणायचे. “माझी बायको मात्र बोलते.”

मग एके दिवशी टॉवरवर नवी यंत्रं चढली. कंपनीच्या भिंतीवर मोठी जाहिरात लागली आणि बॅगेत एक नवा फोन आला. माझ्यासारखा फोर-जी नव्हे, फाइव्ह-जी. सडपातळ, चकचकीत, तीन तीन डोळ्यांचा. काकांनी त्याचं नाव ‘नवरदेव’ ठेवलं. पहिल्याच फेरीत त्याने खालचा आकडा काढला सातशे. माझा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा होता अडतीस. गाडीत टाळ्या वाजल्या. मीसुद्धा मनातल्या मनात वाजवली, कारण खोटं कशाला बोलू, सातशे म्हणजे सातशे.

त्यानंतर माझी रवानगी ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये झाली. शेजाराला चिकट झालेले रबरबँड, वाळलेली पेनं आणि कुणाचा तरी एकच हातमोजा. वर्ष गेलं. वरून आवाज यायचे, “नकाशा सगळा हिरवा झालाय, बघितलास?” ज्या रस्त्यावर वेग चांगला तो नकाशात हिरवा, नसेल तो लाल. आता गावात औषधालासुद्धा लाल उरला नव्हता. मोठ्या साहेबांनी पेढे नाही पण निदान चहा तरी द्यावा, अशी ऑफिसात कुजबुज होती.

आणि अशा हिरव्यागार दिवसांत एक पत्र आलं. तिसऱ्यांदा आलं. पहिली दोन कुठे गेली ते विचारू नका. तिसरं ताईच्या हाती लागलं म्हणून तिने ते मोठ्याने वाचलं. लिहिलं होतं, “तुम्ही टॉवर सुधारलात. तेव्हापासून माझी बहीण मला दिसते, पण मी तिला दिसत नाही. दुपारी चार वाजता माझे हात अर्ध्यातच थांबतात. कृपया येऊन बघावे.”

पत्र होतं बडबड्या मावशींचं. त्या मागच्या गल्लीत रफू करायच्या. दोन पायऱ्या उतरून गेलं की त्यांचं दुकान, एका खिडकीचं. मावशींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या हातांनी बोलत, आणि ते हात दिवसभर चालूच असत, म्हणून गल्लीने त्यांचं नाव ‘बडबडी’ ठेवलं होतं. ते नाव त्यांना इतकं आवडलं की त्यांनी दुकानाच्या पाटीवरच लिहून घेतलं. धाकटी बहीणही तशीच, ऐकू न येणारी, दूरच्या गावी राहणारी. रोज दुपारी चार वाजता मावशी सुई ठेवत, फोन शिलाई मशीनच्या चाकाला टेकवत आणि दोघी बहिणी तासभर बोलत. बारा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

ताई गेली, पण नवरदेवाला घेऊन. सकाळी अकराला, नेहमीप्रमाणे, कारण त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि काकांची गाडी लावायला जागा मिळते. गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसूनच तिने मोजलं. सहाशे ऐंशी. मग पायऱ्या उतरून ती मावशींकडे गेली. मावशींचा फोन माझ्याच वयाचा, माझ्याच पिढीचा. लोकांशी बोलायला मावशींजवळ एक लिहायची पाटी असे. ताईने तिच्यावर लिहिलं, “मावशी, नेटवर्क उत्तम आहे. फोन जुना झालाय. नवा घ्या.”

मावशींनी ते वाचलं. शिंप्याचा खडू घेतला आणि समोरच्या काळ्या कापडावर लिहिलं, “कोटाला भोक पडलं म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना नवा कोट घ्या म्हणत नाही. म्हटलं असतं तर तुम्हाला उतरायला हे दुकानच नसतं.”

आणि बोटाने दाराकडे दाखवलं. दारावर पुठ्ठा लावला होता, “महिनाअखेरीस दुकान बंद होत आहे.” बहिणीशी बोलता येत नसेल तर बहिणीजवळ जाऊन राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एकतीस वर्षांची सुई, खिडकी, गल्ली, सगळं सोडून.

हे सगळं मला नंतर कळलं, गाडीत. ताई तिचं पेन शोधत होती आणि काका सांगत होते, म्हणजे नेहमीप्रमाणे दोघांच्या वाटचं काका बोलत होते. मी गाडीत कसा, म्हणाल? त्याच संध्याकाळी ड्रॉवर उघडला. ताईने रबरबँडच्या गुंत्यातून मला सोडवलं, बाहीने पुसलं आणि म्हणाली, “तीन नंबर, चूक झाली माझी.” माझी बॅटरी आता टिकत नव्हती, म्हणून गाडीत आणि गाडीबाहेरही मला चार्जरच्या वायरीला बांधून ठेवलं. सलाईन लावलेल्या आजोबांसारखा मी पुन्हा कामावर निघालो.

या वेळी आम्ही गाडीत थांबलो नाही. पायऱ्या उतरलो, मावशींच्या मशीनजवळ बसलो आणि चार वाजायची वाट बघितली. तेव्हा मला दिसलं की चार वाजता गल्ली वेगळीच असते. शाळा सुटते, कामावरची माणसं परततात, घराघरांत फोन उघडतात. सकाळी अकराला आम्ही गल्लीची जी परीक्षा घेत होतो, ती रिकाम्या वर्गाची होती.

ताईने बटण दाबलं. फाइल खाली आली, रखडत. खालचा आकडा सहा. मग मी माझी फाइल वर पाठवायला घेतली. मित्रांनो, मी जीव तोडून ढकलली. वरचा आकडा आला पाव. एक नाही, अर्धा नाही, पाव.

ताईने माझ्या पोटातल्या जुन्या नोंदी उघडल्या. मला वाटत होतं त्या कधीच पुसल्या असतील. पण होत्या. तीन वर्षांपूर्वी, टॉवर सुधारण्याआधी, एकदा गाडी बंद पडली म्हणून आम्ही याच गल्लीत दुपारी अडकलो होतो आणि ताईने वेळ घालवायला मोजलं होतं. तेव्हाचा वरचा आकडा होता चार. तो मुंगीएवढ्या रकान्यातला, मी कधी किंमत न दिलेला. बहिणीचं चित्र मावशींकडे येतं ते खालच्या आकड्यावर. मावशींचे हात बहिणीकडे जातात ते वरच्या. कुणाच्या तरी आयुष्यात तोच रकाना पहिला होता.

दोन दिवस ताई आणि काका दारोदार हिंडले. एकेचाळीस घरं, त्यांपैकी तेहतीस घरांत माझ्याच पिढीचे फोन. ताईने ही मोजदाद कागदावर लिहून मोठ्या साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, “गावाचा नकाशा हिरवा आहे आणि तुम्ही एका रफूच्या दुकानासाठी अडून बसलाय.”

“नकाशा रस्त्यांचा आहे, साहेब,” ताई म्हणाली. “रस्त्यावर कुणी राहत नाही. एकदा या. चार वाजता.”

साहेब आले. वाकून दोन पायऱ्या उतरले, तरी कपाळ चौकटीला लागलंच. मावशी एका कोटाचं रफू करत होत्या आणि साहेब स्टुलावर बसून बघत राहिले. कोटाच्या छातीवर भोक होतं. मावशींनी कोट उलटा केला. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. त्या मायेतून त्यांनी एकेक धागा ओढून काढला आणि त्याच धाग्याने भोक विणून टाकलं. साहेबांना आता भोक कुठे होतं ते सापडेना.

चार वाजले. माझा आकडा आला, पुन्हा पाव. साहेबांनी तो दोनदा बघितला. मग ताईला हळू आवाजात म्हणाले, “हवेतली वाट तेवढीच आहे. नव्या फोनांना वेग द्यायचा म्हणून जुन्यांच्या वाटेतला मोठा भाग काढून घेतला होता. आम्हाला वाटलं, जुने आहेतच किती.”

ताईने ते पाटीवर लिहून मावशींना दाखवलं. मावशींनी खडू उचलला आणि काळ्या कापडावर लिहिलं, “नव्याला धागा जुन्यातूनच घ्यावा लागतो, ते मला माहीत आहे. पण तो मायेतून घ्यायचा. छातीवरून नाही.”

साहेबांनी ते वाचलं. कपाळाचं टेंगूळ चोळत म्हणाले, “ऑफिसात हे कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं.”

पुढचे दहा दिवस टॉवरवर माणसं चढत होती. जुन्यांच्या वाटेचा थोडा भाग परत दिला गेला आणि टॉवरचा एक अँटेना मागच्या गल्लीकडे जरा झुकवला. सगळं परत मिळालं नाही, तसं मिळतही नसतं. महिना संपायला चार दिवस उरले होते. आम्ही पुन्हा मशीनजवळ बसलो. चार वाजले. वरचा आकडा आला अडीच. नवरदेवाचा खालचा आकडा सातशेवरून साडेसहाशेवर आला होता, आणि त्याला ते कळलंही नाही.

ताई मात्र आकड्यावर थांबली नाही. तिने पाटीवर लिहिलं, “मावशी, आज माझ्या फोनवरून बोला. खरं काय ते तेव्हा कळेल.”

मला चाकाला टेकवलं. माझ्या आयुष्यातला पहिला फोन लागत होता. माझ्या काचेवर एक गोल, चष्मा लावलेला चेहरा आला, थेट मावशींसारखा, फक्त जास्त रागीट. मावशींचे हात उठले. ते हात मी उचलले आणि वर पाठवले, एक हालचाल, दुसरी, तिसरी. तिसरी हवेत राहिली नाही. पोचली. पलीकडचा चेहरा थांबला, जवळ आला, चष्मा पुसून पुन्हा जवळ आला. मग तिकडचे हात असे सुटले की मला दम लागला.

“काय म्हणतायत हो?” काकांना राहवेना; त्यांनी ते पाटीवर लिहून मावशींपुढे धरलं.

मावशींनी एका हाताने बोलत दुसऱ्या हाताने लिहिलं, “म्हणते, तू जाड झालीस. आता स्पष्ट दिसतंय.”

तासभर त्या बोलल्या. माझी पाठ तव्यासारखी तापली, पण मी अडलो नाही. शेवटी मावशी उठल्या, दारावरचा पुठ्ठा काढला, उलटा केला, मागे खडूने काहीतरी लिहिलं आणि पुन्हा टांगला. “दुकान रोज चार ते पाच बंद. बहिणीशी बोलत आहे.”

आता मी पुन्हा बॅगेत आहे, तीन नंबरच्या कप्प्यात. नवरदेव शेजारीच असतो. वाईट नाही तो, नवा आहे इतकंच. गाडी आता सकाळीही फिरते आणि दुपारी चारलाही, आणि अहवालात वरचा आकडा खालच्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी नव्या वस्तू येतील. त्यांच्यासाठी टाळ्या जरूर वाजवा. पण जुनीला ड्रॉवरमध्ये ढकलण्याआधी तिच्या पोटात काय साठलंय ते एकदा उघडून बघा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी काही मोजायला निघालं, वेग म्हणा, पाणी म्हणा, उजेड म्हणा, तर रस्त्यावरूनच परत फिरू नका. दोन पायऱ्या उतरा. डोकं मात्र सांभाळा, चौकट बुटकी आहे.

माझ्यावरून अजूनही कुणी ‘हॅलो’ म्हटलेलं नाही. आता त्याची मला खंत वाटत नाही. बोलणं मी एकदा वाहून नेलंय, पुरं तासभर, आणि त्यातला एक शब्दही वाटेत सांडला नाही.